जोनी मिचेलचे पहिले चार आल्बम एका संचात: 'ब्लू'साठी नव्हे, पहिल्या आल्बमसाठी घ्या

'द रिप्रीज आल्बम्स (१९६८-१९७१)' हा कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल हिचा संच ऱ्हायनो कंपनीने २ जुलै २०२१ रोजी काढला. त्यात तिचे पहिले चार आल्बम आहेत: 'साँग टू अ सीगल' (१९६८), 'क्लाउड्स' (१९६९), 'लेडीज ऑफ द कॅनियन' (१९७०) आणि 'ब्लू' (१९७१). चार सीडींचा संच, १८० ग्रॅमच्या चार एलपींचा संच आणि डिजिटल, अशा तीन रूपांत तो मिळतो. एलपींचे दहा हजारच संच काढले होते. मास्टरिंग बर्नी ग्रंडमन यांचे, सोबतचा लेख गायिका ब्रँडी कार्लाइलचा, आणि खोक्यावर जोनीने स्वतःच काढलेले, आधी कुठे न छापलेले आत्मचित्र.

हा संच विकत घेणारे बहुतेक लोक 'ब्लू'कडे बघून घेतात. ते साहजिक आहे. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत मासिकाने २०२० साली पाचशे सर्वोत्तम आल्बमांची यादी नव्याने केली, तेव्हा 'ब्लू'ला तिसरे स्थान मिळाले. गाणे स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतः गाणाऱ्या कुणाच्याही चाहत्याकडे तो बहुधा आधीपासून असतोच. माझे मत असे की या संचाचे पैसे वसूल होतात ते पहिल्या आल्बममुळे. तो इतकी वर्षे नीट ऐकूच येत नव्हता. आता येतो, आणि त्यामुळे पुढच्या तिन्ही आल्बमांचे मूळ कुठे आहे तेही कळते.

आधी मिक्स आणि मास्टरिंग यांतला फरक सांगायला हवा, कारण या संचाचे मर्म तिथेच आहे. ध्वनिमुद्रणात आवाज, गिटार, पियानो वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात. ते ट्रॅक कमीजास्त करून, डावीउजवीकडे मांडून दोन वाहिन्यांची एक टेप करणे म्हणजे मिक्स. ती तयार टेप घेऊन एकंदर नाद आणि पातळी जुळवणे, एलपीच्या खाचांना झेपेल अशी करणे, हे मास्टरिंग. मिक्समध्येच गिटार आवाजाखाली दबली असेल तर मास्टरिंग करणारा कितीही मोठा असला तरी तिला वेगळी काढू शकत नाही. या संचातले शेवटचे तीन आल्बम फक्त नव्याने मास्टर केले आहेत. पहिला मात्र मूळ ट्रॅकपासून पुन्हा मिक्स केला आहे, आणि ते काम खुद्द जोनीने मॅट ली यांच्यासोबत बसून केले. म्हणून तिघांत फरक जाणवतो तो थोडाफार, आणि पहिल्यात आल्बमच बदलल्यासारखा.

बिघडले होते काय? १९६७ मध्ये 'द बर्ड्स' या रॉक बँडमधून बाहेर पडलेल्या डेव्हिड क्रॉस्बीने फ्लॉरिडातल्या कोकोनट ग्रोव्हमध्ये जोनीला ऐकले आणि तिचा आल्बम करायचे मनावर घेतले. हॉलिवूडच्या सनसेट साउंड स्टुडिओत निर्माता म्हणून त्याने एक उपकार केला: तिच्या गाण्यांभोवती ड्रम, इलेक्ट्रिक गिटार वगैरे लोकांना आवडेल असा साज चढू दिला नाही. 'नाइट इन द सिटी'मधला स्टीफन स्टिल्सचा बेस आणि 'नेथन ला फ्रनीर'मधले बॅनशी हे विचित्र आवाजाचे वाद्य सोडले, तर सारे जोनीचेच. पण त्याला एक कल्पना सुचली. जोनीने उघड्या ग्रँड पियानोच्या तोंडाशी गावे, म्हणजे तिच्या सुरांबरोबर पियानोच्या तारा आपोआप कंप पावतील आणि आवाजामागे एक झिलई येईल. सतारीच्या तरफा मुख्य तारेबरोबर झणझणतात, तेच तत्त्व. कल्पना सुंदर आहे. अडचण अशी की तारांचा तो कंप फार क्षीण असतो. तो टिपायला जास्तीचे माइक उघडे ठेवावे लागले, त्यांची पातळी वाढवावी लागली, आणि क्षीण नादाबरोबर टेपची सरसर, म्हणजे हिस, तेवढ्याच पटीने वर आली. मग ही हिस काढण्यासाठी वरच्या पट्टीचा आवाज छाटला गेला. स, श, च यांसारखी व्यंजने, नखाने तार छेडल्याचा आघात, तारांची चमक, सगळे त्याच पट्टीत असते. हिस गेली आणि त्यांनाही घेऊन गेली. जुना मिक्स जेलीच्या वाडग्याखाली ध्वनिमुद्रित केल्यासारखा ऐकू येतो, अशा शब्दांत खुद्द जोनीने त्याचे वाभाडे काढले आहेत.

जुन्या सीडीवर 'मायकल फ्रॉम माउंटन्स' ऐका आणि लगेच या संचातले ऐका. पातळी मात्र दोन्हींची कानाने जुळवून घ्या, कारण थोडे मोठ्याने वाजणारे नेहमीच चांगले वाटते. नव्यात गिटारची वरची तार आणि मंद्र तार वेगळ्या ओळखू येतात, अंगठा कधी पडतो आणि बोटे कधी, ते कळते. 'द पायरेट ऑफ पेनन्स'मध्ये जोनी दोन व्यक्तिरेखांचे संवाद स्वतःच दोन आवाजांत, एकावर एक चढवून गाते. जुन्या मिक्समध्ये ते एकमेकांत कालवले जायचे, आता दोन बायका समोर उभ्या राहतात. 'मार्सी'मध्ये शब्द हेच सगळे काही आहे. एकाकी मुलीच्या शहरातल्या दिवसांचे ते चित्र, तांबड्याहिरव्या रंगांच्या पुनरावृत्तीवर उभे. ते शब्दांवर ताण न देता ऐकता येणे हीच मोठी गोष्ट. जुन्या धुक्याची ज्यांना सवय आहे त्यांना नवा मिक्स उघडावाघडा वाटेल, विशेषतः 'द डॉनट्रेडर'मध्ये. मला तसे वाटत नाही. चोवीस वर्षांच्या मुलीने इतके पक्के, इतके गुंतागुंतीचे लिहिले होते, ते ऐकू न येण्यात गूढ कसले?

मुखपृष्ठाबद्दल थोडेसे. चित्र जोनीचेच, आणि त्यात उडणाऱ्या पक्ष्यांच्या रांगेतून आल्बमचे नाव तयार होते. १९६८ च्या छपाईत ती रांग कापली गेली आणि कित्येकांना आल्बमचे नाव फक्त 'जोनी मिचेल' असेच ठाऊक झाले. जुनी प्रत शोधताना दोन्ही नावे लक्षात ठेवा, आल्बम एकच आहे.

आता गिटारकडे. या संचाचा सगळ्यात मोठा उपयोग गिटार वाजवणाऱ्यांना आहे, आणि त्यासाठी जोनीच्या डाव्या हाताची गोष्ट माहीत असावी लागते. १९५३ मध्ये, नऊ वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. त्यातून ती चालायला लागली, पण डावा हात कायमचा अशक्त राहिला. नेहमीच्या जुळणीत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, धरताना बोटांना जो ताण पडतो तो तिला झेपत नव्हता. मग तिने तारांची जुळणीच बदलली: बोटे न ठेवता नुसती छेडली तरी कॉर्ड वाजेल अशी. 'खुली जी' (G) ही जुळणी तिला एरिक अँडरसन या गायकाने दाखवली, आणि तिथून ती स्वतः शोधत शोधत पन्नासहून अधिक जुळण्यांपर्यंत गेली.

जुळणी लिहून ठेवायची तिची पद्धत अशी: पहिले अक्षर म्हणजे सर्वांत जाड सहाव्या तारेचा सूर. नंतरचे पाच आकडे म्हणजे पुढची तार जुळवायला आधीची तार कितव्या पडद्यावर दाबायची ते. नेहमीची जुळणी या पद्धतीत ई५५५४५ होते. खुली डी होते डी७५४३५, खुली जी होते डी५७५४३.

खुली डी लावायची तर सहावी तार ई वरून दोन पडदे उतरवून डी करा. ती सातव्या पडद्यावर दाबली की ए मिळतो, पाचवी तार त्याला जुळवा (ती आधीपासून तिथेच असेल). पाचवी पाचव्या पडद्यावर, चौथी त्याला जुळवा, तीही जागेवरच असेल. चौथी चौथ्या पडद्यावर म्हणजे एफ शार्प, तिसरी एक पडदा उतरवा. तिसरी तिसऱ्यावर म्हणजे ए, दुसरी दोन पडदे खाली. दुसरी पाचव्यावर म्हणजे डी, पहिली दोन पडदे खाली. आता सगळ्या तारा एकदम छेडा. डी ला षड्ज मानले तर ऐकू येते सा-प-सा-ग-प-सा. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला ही जुळणी ट्यूनरशिवाय लावता येते, आणि ट्यूनरपेक्षा जास्त सुरेल लागते, कारण गंधार तो आपल्या कानाने गोड करतो. फक्त एक धोका: असा गोड केलेला गंधार खुल्या तारांवर सुंदर लागतो, पण पाचव्या-सातव्या पडद्यावर बोट टाकले की पडद्यांच्या ठरीव अंतरांशी त्याचे बिनसते. म्हणून तिसरी तार किंचित, केसभर, चढी ठेवावी.

खुली जी आणखी सोपी. सहावी, पाचवी आणि पहिली या तीन तारा दोन दोन पडदे उतरवायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. जी ला षड्ज धरले तर प-सा-प-सा-ग-प. 'ब्लू'मधले 'लिटल ग्रीन' याच जुळणीत, चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून आहे, म्हणून ते बी मध्ये ऐकू येते. 'बिग यलो टॅक्सी' आणि 'चेल्सी मॉर्निंग' ई मध्ये ऐकू येतात, त्यांची जुळणी खुली ई. ती जशीच्या तशी लावायला पाचवी आणि चौथी तार दोन पडदे, तिसरी एक पडदा चढवावी लागते. तसे करू नका. तीन तारांवरचा ताण वाढतो, जुनी तार तुटते आणि कमकुवत गिटारचा दांडा वाकतो. खुली डी लावून दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावा, सूर तेच मिळतात. मग कॅपोपासून पाचव्या पडद्यावर एकच बोट आडवे टाकले की मध्यमावरची कॉर्ड, सातव्यावर पंचमावरची. 'बिग यलो टॅक्सी' या तीन जागांवर उभे आहे. डावा हात नवखा असला तरी चालेल, उजव्या हाताचा ठेका मात्र पक्का हवा.

बिघडते कुठे? तारा उतरवल्या की सैल होतात आणि पडद्यांवर खणखणतात. ०.०१२ ऐवजी ०.०१३ चा तारांचा संच (हा आकडा पहिल्या तारेची इंचांतली जाडी) लावला तर सहावी तार डी वरही ताठ राहते. दुसरे, तार नुसती खाली उतरवून थांबलात तर खुंटीच्या दात्यांत आणि नटच्या (दांड्याच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) खाचेत ढील राहते आणि गाण्याच्या मध्यातच ती आणखी उतरते. हव्या सुराच्या थोडे खाली जाऊन मग वर चढवत जुळवावी. तिसरे, सगळ्या तारा एकदा लावून झाल्यावर सहावी पुन्हा तपासावी, कारण बाकीच्यांचा एकूण ताण बदलला की पहिली लावलेली तार हलते. हे तिन्ही माहीत नसलेले लोक 'जोनीच्या जुळण्या टिकत नाहीत' म्हणतात.

पण जुळणी लावली म्हणजे जोनी झाली असे नाही. आडवे बोट टाकत राहिलात तर तीन साध्या कॉर्ड मिळतात, आणि अशा गिटारा बाजारात शेकडो आहेत. जोनी दोनच तारांवरचा आकार सरकवते आणि बाकीच्या खुल्या वाजू देते. त्यामुळे कॉर्ड पूर्ण मिटत नाही. गंधाराच्या जागी मध्यम किंवा रिषभ लटकत राहतो आणि पुढच्या ओळीत कुठेतरी सुटतो, कधी सुटतही नाही. तिने स्वतः त्यांना प्रश्न विचारणाऱ्या कॉर्ड म्हटले आहे. तिच्या शब्दांतली घालमेल आणि हे लटकणारे सूर एकाच वेळी जन्मलेले आहेत, एक दुसऱ्याला नंतर चिकटवलेले नाही. तिच्या गाण्यांचे शब्द वाचून दाद देणारे पुष्कळ, पण शब्द सोडून एकदा फक्त गिटार ऐकावी, तरी तीच गोष्ट कळते. पुढे १९७६ च्या 'कोयोटी'साठी तिने सी-जी-डी-एफ-सी-ई (सी७७३७४) अशी जुळणी घेतली, म्हणजे सा-प-रे-म-सा-ग. तिथे खुल्या तारांतच प्रश्न आहे. त्याचे बीज पहिल्या आल्बममध्ये आहे, आणि नव्या मिक्समुळे ते तार न तार मोजून शिकता येते. मला हा संच त्यासाठी मोलाचा वाटतो.

'क्लाउड्स'बद्दल थोडक्यात. इथून ध्वनिमुद्रक हेन्री लुई तिच्यासोबत आला, आणि स्टुडिओ ए अँड एम, म्हणजे हॉलिवूडच्या ला ब्रिया मार्गावरचा चार्ली चॅप्लिनचा जुना स्टुडिओ. 'टिन एंजल' हे एक गाणे पॉल रॉथचाइल्डने निर्मित केले. बाकी सगळ्यांची निर्माती जोनी स्वतः, आणि पुढे लुईला हाताशी धरून तिने हीच रीत ठेवली. या आल्बमला सर्वोत्तम लोकसंगीत सादरीकरणाचे ग्रॅमी मिळाले. 'बोथ साइड्स नाउ' इथे शेवटी येते, तेव्हा ते जूडी कॉलिन्सच्या आवाजात आधीच घरोघरी पोचले होते. जोनीचे स्वतःचे त्याहून सावकाश आणि उदास आहे. हेच गाणे तिने २००० साली, सिगारेटने खालच्या पट्टीत उतरलेल्या आवाजात, वाद्यवृंदासह पुन्हा गायले. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. नव्या मास्टरिंगची परीक्षा घ्यायची तर 'द फिडल अँड द ड्रम' लावा. त्यात एकही वाद्य नाही, नुसता गळा आहे, त्यामुळे टेपची हिस लपायला जागा नाही. ती अजून आहे, हलकीशी, आणि ती ठेवली हे योग्यच केले. पहिल्या आल्बमचे काय झाले ते आपण पाहिलेच.

'लेडीज ऑफ द कॅनियन' हा चौघांत सर्वांत मोठा, बारा गाण्यांचा, आणि सर्वांत असमान. 'द प्रीस्ट' आणि 'ब्लू बॉय' वगळली असती तरी चालले असते. पण इथे पियानो पुढे आला, चेलो आला, तालवाद्ये आली, आणि 'फॉर फ्री'च्या शेवटी क्लॅरिनेट आले. रस्त्यावर फुकट वाजवणाऱ्या क्लॅरिनेटवाल्याचे ते गाणे, शब्द संपल्यावर क्लॅरिनेटच बोलायला लागते. वाजवणारा पॉल हॉर्न. हा तोच माणूस ज्याने १९६८ मध्ये ताजमहालच्या घुमटाखाली एकट्याने बासरी वाजवून ध्वनिमुद्रण केले. त्या घुमटात सूर किती वेळ रेंगाळतो हे ऐकलेल्या वादकाने इथे मोजकेच सूर टाकले आहेत. नव्या मास्टरिंगमध्ये त्याचा श्वास ऐकू येतो.

'वुडस्टॉक'ही याच आल्बमात. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवावरचे हे गाणे, पण जोनी त्या महोत्सवाला गेली नव्हती. दूरचित्रवाणीवरचा डिक कॅव्हेटचा कार्यक्रम चुकू नये म्हणून तिला न्यूयॉर्कमध्येच थांबवले होते. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या बँडने त्याचे रॉक गाणे केले, तेच लोकांच्या कानात बसले. इथे नुसता वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो आणि तिचा आवाज, जवळजवळ विलापासारखा. साध्या स्पीकरवर वुर्लिट्झरचा खालचा थरथरता सूर गढूळ होतो. खोलीच्या कोपऱ्यात टेकवलेला स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढला तर तो बराच सुटा होतो.

आणि 'ब्लू'. २२ जून १९७१. दहा गाणी, पस्तीस मिनिटांच्या जरा पुढे. जेम्स टेलरची गिटार 'ऑल आय वाँट', 'कॅलिफोर्निया' आणि 'अ केस ऑफ यू'मध्ये, स्टिल्स 'केरी'मध्ये, रस कंकेलचे तालवाद्य तीन गाण्यांत, स्नीकी पीट क्लाइनोची पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) दोन गाण्यांत. बाकी सारे जोनी. त्याच महिन्यांत त्याच स्टुडिओच्या इमारतीत गायिका कॅरोल किंगच्या 'टॅपेस्ट्री' या आल्बमचे काम चालू होते आणि जोनी त्यातही मागून गायली आहे. 'ऑल आय वाँट' आणि 'द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड', म्हणजे आज पहिले आणि शेवटचे गाणे, ही दोन्ही अगदी शेवटी आली. त्यांच्यासाठी 'अर्ज फॉर गोइंग' आणि 'हंटर' बाहेर काढली गेली. आल्बमची दोन्ही टोके ऐनवेळी बसवली आहेत यावर ऐकताना विश्वास बसत नाही.

या आल्बमात गिटारपेक्षा डल्सिमर समजून घ्यावे. अपलाचियन डोंगरांतले, मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे वाद्य. त्याचे पडदे सप्तकातल्या सात सुरांपुरतेच, कोमल-तीव्राचे सगळे नाहीत. एका बाजूच्या तारेवर चाल, बाकीच्या तारा अखंड षड्ज-पंचमासारख्या घुमत राहतात. १९७० मध्ये युरोपात, क्रीट बेटावरच्या मातालात भटकताना तिच्याकडे हे हलके वाद्य होते, आणि 'केरी', 'कॅलिफोर्निया', 'ऑल आय वाँट', 'अ केस ऑफ यू' त्यावरच वाजतात. गिटारवर ही गाणी बसवणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे दर ओळीला पूर्ण कॉर्ड बदलणे. खालच्या दोन तारा वाजत्या ठेवा, वरच्या तारांवरच हालचाल करा, तेव्हा डल्सिमरचा घुमारा येतो.

'ब्लू'चे नवे मास्टरिंग चांगले आहे, पण जुनी चांगली प्रत असेल तर धावत जाऊन बदलावी असे नाही. लुईचे मूळ काम इतके स्वच्छ होते की सुधारायला फार जागा नव्हती. 'रिव्हर'च्या सुरुवातीला आणि शेवटी 'जिंगल बेल्स' पियानोवर वाकडे होऊन येते. तिथे डाव्या हाताचे सूर आता अधिक भरीव वाटतात. 'धिस फ्लाइट टुनाइट'मध्ये हेडफोनमधून येणाऱ्या गाण्याचा भास करून देणारा एक बारीक, गाळलेला आवाज क्षणभर येतो. तो अचानक छोटा झालेला जाणवला पाहिजे, नाहीतर तुमच्या यंत्राचे वरचे सूर कमी पडताहेत असे समजा.

एलपी घ्यावी की सीडी? भारतात राहणाऱ्या बहुतेकांना मी सीडीच सुचवीन. एलपीचे संच मोजकेच निघाले, आता ते दुसऱ्या हातचे आणि चढ्या भावाने मिळतात, वर परदेशातून मागवले तर टपालखर्च आणि सीमाशुल्क. या संगीतात शांतता फार आहे, एक पियानो, एक गळा. तबकडीवरची प्रत्येक टिकटिक तिथे ऐकू येते. रॉकच्या गोंगाटात ती बुडून जाते, इथे नाही.

तरीही एलपी घेणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मधले भोक बरोबर केंद्रात आहे का. 'रिव्हर' किंवा 'विली'तला लांब टिकणारा पियानोचा सूर ऐका. दर १.८ सेकंदाला तो किंचित वरखाली होत असेल (३३⅓ च्या गतीने एक फेरा तेवढ्या वेळात होतो) तर भोक तिरपे पडले आहे. सुई लावून टोनआर्म (सुई धरणारा दांडा) डावीउजवीकडे डोलताना दिसेल. तबकडी बदलून घ्या, त्यावर उपाय नाही. दुसरी, 'स'चा आवाज फाटतो का. जोनीचा तेव्हाचा उंच गळा सुईची परीक्षा बघतो, विशेषतः बाजूच्या शेवटच्या गाण्यात, जिथे खाचा केंद्राजवळ येऊन आखूड होतात. 'लेडीज'ची एकेक बाजू बावीस मिनिटांच्या आसपास, 'ब्लू'च्या त्याहून लहान, त्यामुळे त्रास झाला तर 'लेडीज'मध्ये आधी होईल. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) पत्रकात दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला न्या. दोन ग्रॅमपर्यंत चालणाऱ्याला दीड ग्रॅमवर ठेवले तर सुई खाचेत उड्या मारते आणि खाच खराब करते. भार कमी म्हणजे रेकॉर्डला जपणे, हा समज उलटा आहे. पाचसहा ग्रॅम भार देणाऱ्या सुटकेससारख्या स्वस्त रेकॉर्डप्लेअरवर मात्र हा संच लावूच नये.

तिसरी गोष्ट आपल्याकडची: पावसाळा. मुंबईत, कोकणात, गोव्यात कागदी आतल्या पिशवीला ओल धरते आणि बुरशीचे पांढरे ठिपके खाचांत उतरतात, मग टिकटिक कायमची. आतल्या पिशव्या प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या घ्या, रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला चिकटवू नका. धुवायची झाल्यास डिस्टिल्ड पाणी आणि मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेने गोल. नळाच्या पाण्यातले क्षार खाचांत वाळून बसतात. घरात आजोबांच्या ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट असलेले द्रावण कधीही लावू नका, लाख विरघळते.

संचात नसलेले काय? न वापरलेली गाणी, कच्चे खर्डे, काहीच नाही. चार आल्बम, जसेच्या तसे. 'ब्लू'च्या पन्नाशीला पाच मुद्रणांची वेगळी डिजिटल ईपी (छोटा आल्बम) निघाली, तिच्यात फ्रेंच हॉर्नसह 'रिव्हर' आणि तंतुवाद्यांसह 'अर्ज फॉर गोइंग' आहे. हॉर्नचे 'रिव्हर' ऐकले की ती वाद्ये का काढली ते लगेच पटते. याच काळातले बाकीचे हवे असेल तर नोव्हेंबर २०२१ मध्ये निघालेला 'आर्काइव्ह्ज'चा दुसरा खंड घ्या, पाच सीडींचा. त्यात १९६९ चा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम आहे, आणि १९ मार्च १९६८ रोजी ओटावातल्या 'ल हिबू' कॉफीहाऊसमध्ये जिमी हेंड्रिक्सने स्वतःचा टेपरेकॉर्डर घेऊन, रंगमंचापाशी बसून केलेले जोनीचे ध्वनिमुद्रण आहे. त्या टेपची चोरी झाली, ती हरवली आणि कित्येक वर्षांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहात सापडली. पहिला आल्बम आणि ते मुद्रण एकाच महिन्यातले. तीच गाणी, पियानोच्या तारा नाहीत, नुसती खोली आणि ऐकणारी माणसे. नव्या मिक्सच्या शेजारी ठेवून ताडून बघायला याहून चांगले काही नाही.

स्पॉटिफायवरून जोनीने जानेवारी २०२२ मध्ये आपले संगीत काढून घेतले होते, मार्च २०२४ मध्ये ते परत आले. तिथे किंवा इतरत्र ऐकणाऱ्यांनी नावापुढे २०२१ लिहिलेली आवृत्ती निवडावी आणि गाणी उलटसुलट वाजवणारे बटण बंद करावे. पहिल्या आल्बमची एक बाजू शहराची आणि दुसरी समुद्रकाठाची अशी तिने नावे देऊन मांडली आहे, तो क्रम मोडू नये. खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर सीडींचा संच घ्या, आणि उरलेल्या पैशांत ०.०१३ च्या तारांचा एक जुडगा आणि बरा कॅपो.